अकरा नंबरच्या भुताचा लेखक

गहिनीनाथला अख्खं भिंगार लेखक म्हणायचं. मी म्हणत नसे, आजही म्हणत नाही. त्याच्या कादंबरीचं एकेक अक्षर मी माझ्या बोटांनी जुळवलं आहे, त्यामुळे हे बोलायचा जितका हक्क मला आहे तितका दुसऱ्या कुणाला नाही. मी तेव्हा नगरला एका छापखान्यात कंपोझिटर होतो. लाकडी केसच्या खणांतून शिशाचे खिळे उचलायचे, ओळ जुळवायची, ओळीखाली ओळ लावायची. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, तमाशाची हँडबिलं, औषधांची लेबलं, सगळं या हातांखालून गेलं. खरं सांगतो, खरजेच्या मलमाच्या लेबलातही त्याच्या कादंबरीपेक्षा जास्त जीव असायचा.

पोटापाण्याला तो छावणीतल्या एका कचेरीत कारकून होता. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा एवढंच काम, आणि तोही कधी कधी आदल्या दिवसाचा मारायचा. पण खांद्याला शबनम, डोळे आढ्याकडे, आणि बोलणं असं की जणू शाळा तपासायला आलाय. "मी आतून निराळाच आहे हो, सहादेवराव," असं मला सांगायचा. आत काय होतं ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी दिवे गेले की बायको चिमणी घेऊन येईपर्यंत हा गृहस्थ पाटावरून हलत नसे. परसाकडे जायलाही मनकर्णाबाई बिचारी सोबत करायची. आणि या माणसाने टोपणनाव घेतलं 'निशाचर'! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात त्याने आमच्या छापखान्यात एका भयकादंबरीचं बाड आणून टाकलं. नाव 'चौथ्या कुटुंबाची वाट'. एक घर, त्यात एकामागून एक राहायला आलेली तीन कुटुंबं, आणि तिन्हींचा सत्यानाश. पानापानावर किंकाळ्या. उद्गारचिन्हं इतकी की आमच्याकडचे ते खिळे तिसऱ्या पानालाच संपले आणि मालकांना पुण्याहून आणखी मागवावे लागले.

पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्याच ओळीला माझा हात थांबला. 'भिंगारातील घर नंबर अकरा' असं लिहिलं होतं. अकरा नंबर आमच्याच गल्लीत. गहिनीनाथच्या घरासमोर, माझ्या घरापासून चार दारं सोडून. पक्क्या विटांचं, मंगलोरी कौलांचं साधं घर, पुढे ओटा, मागे कडुनिंब. मालक आप्पासाहेब तिकडे मळ्यात राहायचे आणि घर भाड्याने द्यायचे. कादंबरीकाराला घराचा नंबरसुद्धा बदलता आला नव्हता. डोक्यात काही असेल तर बदलेल ना!

बरं, ती तीन कुटुंबंही खरीच. गल्लीने पाहिलेली. पहिले मिलिटरीचे स्टोअरकीपर, त्यांची जबलपूरला बदली झाली. गहिनीनाथने त्यांना आढ्याला लटकवलं. दुसरे शाळामास्तर, कौलं गळतात म्हणून बायको कटकट करायची, म्हणून राहुरीला गेले. यांना त्याने वेड लावलं आणि माती खायला लावली. तिसरा भिमाजी शिंपी. त्याची सहा वर्षांची पोर घटसर्पाने गेली. नगरच्या दवाखान्यात गेली, त्या घरात नाही. त्यानंतर नवरा-बायको मशीन डोक्यावर घेऊन गावी निघून गेले. त्या पोरीला याने पांढरी साडी नेसवली, केस मोकळे सोडले आणि कडुनिंबावर बसवलं. ते पान जुळवताना मला इतका संताप आला की मी तसाच मालकांकडे गेलो. म्हटलं, "हे छापू नये. हे लोक जिवंत आहेत." मालक हसले. म्हणाले, "सहादेव, तू खिळे जुळव." मी खाली आलो आणि जुळवत बसलो.

दिवाळीत पुस्तक निघालं. वर लाल शाईत 'सत्य घटनेवर आधारित'. शेवटचं वाक्य असं: 'ती वास्तू आता चौथ्या कुटुंबाची वाट पाहते आहे!!!' तीन उद्गारचिन्हं मोजून लावली मी. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात त्यासाठी नंबर लागले. तेवढ्यात डिसेंबरात युद्ध सुरू झालं. छावणीचं गाव, त्यामुळे कडक ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, गल्लीत मिट्ट काळोख. पाकिस्तानचं विमान काही भिंगारवर आलं नाही, पण अकरा नंबरातून पैंजणांचा आवाज आल्याचं तीन बायकांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं.

झालं. घर भुताचं ठरलं. आप्पासाहेबांना भाडेकरू मिळेना. आमच्याकडे पोराला ताप आला, म्हैस आटली, सून उगाच रडायला लागली की उतारा टाकतात. लिंबू, नारळ, अंडं, मूठभर तांदूळ, मिरच्या, असं सगळं माणसावरून ओवाळायचं आणि तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथे, ठेवून मागे न बघता यायचं. तिकाटणं जरा लांब पडायचं. आता गल्लीतच भूत आहे म्हटल्यावर लोक उतारे अकरा नंबरच्या पायरीवर ठेवायला लागले. पंचक्रोशीतल्या इडापिडा आमच्या गल्लीत जमा व्हायला लागल्या. गहिनीनाथ खिडकीतून ते बघायचा आणि मला सांगायचा, "साहित्याची ताकद पाहिलीत, सहादेवराव?"

बहात्तरच्या होळीनंतर एके दिवशी अकरा नंबरसमोर हातगाडी थांबली. पुंजाराम साळवे, वर्कशॉपात फिटर. त्याची बायको राहीबाई, आणि दुसरीतली एक मुलगी. बौद्ध माणसं. पाथर्डीकडची. नोकरी लागल्यापासून चार वर्षं नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहिली होती. भिंगारात खोली बघायला गेलं की लोक चहा विचारायचे, मग सावकाश "पूर्ण नाव काय म्हणालात?" म्हणून विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. अशी सहा घरं झाली. सातवं हे. आप्पासाहेबांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भुताला भेता का?"

पुंजाराम म्हणाला, "आमच्या बानं दीक्षा घेतली तवाच भूतं सोडली, आप्पासाहेब."

राहीबाईने पहिल्या दिवशी पायरीवरचे उतारे उचलले, पाण्याने धुतले आणि आत नेले. गल्ली दारांआडून बघत होती. नारळाची चटणी झाली. अंडी पोरीने खाल्ली. लिंबं एवढी जमली की तिने बरणीभर लोणचं घातलं. ते दुष्काळाचं साल. नळाला एक दिवसाआड पाणी, रेशनला ती तांबडी अमेरिकन मिलो ज्वारी. गावाकडे पुंजारामाचे दोघे भाऊ खडी फोडायच्या कामावर होते. त्यामुळे गावी परत जाण्यात अर्थ नव्हता, आणि पत्र्याची ती खोली दुसऱ्या दोन कुटुंबांनी धरली होती. अशा सालात लोक देवाला नारळ फोडताना हात आखडायचे, पण भुतापुढे ठेवायला मात्र आणायचे. राहीबाई म्हणायची, "टाकायचं ते टाकू द्या. आमच्या पोटाला लागतंय."

तिला ते घर फार आवडलं होतं. दोन खोल्या, आतून कडी लागणारं दार, मुलीची शाळा हाकेच्या अंतरावर. तिने ओटा शेणाने सारवला, आतल्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, कडुनिंबाला झोका बांधला. मुलगी झोक्यावर बसून मोठ्याने पाढे म्हणायची. रविवारी नगरहून वाचनवेडी पोरंटोरं सायकलवरून भुताचं घर बघायला यायची. त्यांना दिसायचं काय, तर वाळत घातलेल्या कुरडया आणि 'बे चोक आठ'. ती हिरमुसून समोर लेखकाच्या दारी जायची.

गहिनीनाथ अस्वस्थ झाला. दुसऱ्या आवृत्तीचं घाटत होतं आणि त्याचं भूत लोणच्यात बुडालं होतं. एका संध्याकाळी तो शबनम लावून अकरा नंबरच्या ओट्यापाशी गेला. मी तेव्हा तिथेच पुंजारामाशी बोलत उभा होतो.

"बाई," तो म्हणाला, "आपल्याला इथे काही... अनाकलनीय असं जाणवलं का?"

"म्हंजी?"

"म्हणजे काही दिसतं का?"

"दिसतं की," राहीबाई सूप पाखडता पाखडता म्हणाली. "रोज तिन्हीसांजंला समुरच्या खिडकीतनं एक तोंड हिकडं बघत आसतं. आधी मी दचकले. मंग वळखलं, तुमीच हुते."

पुंजाराम हसला, मीही हसलो. गहिनीनाथने आपली शबनम चाचपली आणि दिवे लागायच्या आत घरी गेला.

भूत असं हसण्यावारी गेलं, त्याची किंमत मात्र राहीबाईला मोजावी लागली. उतारे खाऊन ही माणसं ठणठणीत, पोरगी गुटगुटीत, हे गल्लीने दहा महिने पाहिलं. बायका एकमेकींना म्हणू लागल्या की घर चांगलं आहे, वाईट काही नाही. आप्पासाहेबांच्या कानावर गेलं. ते मळ्यातून आले, ओट्यावर बसले, सारवलेल्या भुईवरून हात फिरवला. त्र्याहत्तरचा जानेवारी होता. म्हणाले, "पुंजाराम, लई चांगलं ठेवलं घर तुमी. आता म्हैनाअखेर मोकळं करा. आपल्यातले एक सायब येत्यात, शाळाखात्यातले."

'आपल्यातले' म्हणताना त्यांचा आवाजही बदलला नाही. पुंजाराम म्हणाला, "आमी काय चुकलो, आप्पासाहेब?" आप्पासाहेब म्हणाले, "चुकले कुठं? म्हनून तर म्हन्तो चांगलं ठेवलं." भूत होतं तोवर घर साळव्यांचं होतं. राहीबाईने ते भूत आपल्या हाताने धुऊन, तळून, लोणच्यात घालून संपवलं होतं.

तिने एक प्रयत्न केला. नळावर सांगून पाहिलं की चार रात्री झाल्या, माळ्यावर बांगड्या वाजतात. बायका खो खो हसल्या. "लोणचं खाताना न्हाई वाजल्या गं?" एवढं बोलून त्यांनी तिचा हंडा पुढे सरकवला.

पण भुताचा एक धागा अजून शिल्लक होता. नव्या साहेबांच्या बायकोने 'चौथ्या कुटुंबाची वाट' वाचली होती आणि ती अडून बसली होती. लिहिणाऱ्याने स्वतः चारचौघांत सांगितलं की हे खोटं आहे, तरच मी उंबऱ्यात पाय टाकीन, असं तिचं म्हणणं. आप्पासाहेब म्हणाले, त्यात काय, रविवारी वास्तुशांती घालू, लेखकाला बोलावू, सांगेल तो. म्हणजे सगळं गहिनीनाथच्या शब्दावर आलं. तो गप्प बसला असता तर साहेबांची बायको आली नसती, आणि साळवे तिथेच राहिले असते. एरवी तारखेच्या शिक्क्यापलीकडे ज्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या हातात एका बाईचं घर आलं.

शुक्रवारी मी दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं द्यायला त्याच्याकडे गेलो होतो. राहीबाई आली. पायरीवर चढली नाही, खालीच उभी राहिली. पदर नीट घेतला होता.

"भाऊसाहेब, मी आले हे आमच्या ह्यांना सांगू नका. त्यांना पटायचं न्हाई. पन तुमी परत लिवा."

"काय लिहू?"

"चौथं कुटुंब आलं म्हनून लिवा. आमचं लिवा. आमी तिघं मेलो आसं लिवा. कसं बी मारा, आढ्याला टांगा न्हाईतर हिरीत ढकला. पुस्तकात मारा आमाला, म्हंजी घरात जगू."

मी प्रुफांकडे बघत राहिलो. कुणी काही बोलेल तर तो लेखक बोलेल, असं मनाशी म्हटलं. तो बोलला.

"बाई, कला अशी मागणीनुसार होत नसते."

"मंग लिवू नका. रविवारी निस्ते गप बसा. तुमाला काय बोलावं लागत न्हाई."

गहिनीनाथने डोळे आढ्याकडे लावले. "बघतो," म्हणाला. ती गेल्यावर मला म्हणाला, "पात्रं म्हणून किती जिवंत आहेत हो ही माणसं!" मी तिथेच त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. मी म्हटलं, "प्रुफं सोमवारी परत द्या."

रविवारी मांडव नव्हता, पण ओट्यावर सतरंजी होती. साळव्यांचं सामान बांधून आत भिंतीला लावलेलं, आणि त्याच घरात भटजी येऊन होमाच्या विटा मांडत होते. महिना संपायला चार दिवस होते, तेवढाही दम कुणाला नव्हता. आप्पासाहेबांनी गहिनीनाथला शाल पांघरली, नारळ दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी शाल दिली. तो माणूस त्या शालीसाठी स्वतःच्या आईलाही काल्पनिक म्हणाला असता.

"रसिकहो," त्याने सुरुवात केली, "कादंबरी हा कल्पनेचा खेळ. या वास्तूत काहीही घडलेलं नाही. ती तीन कुटुंबं, ती बालिका, तो वृक्ष, सारं या मस्तकातून निघालं!" टाळ्या पडल्या. साहेबांची बायको हसली आणि तिने आत जाऊन चूल कुठे आहे ते पाहिलं. वर्षभर तो खोटं बोलला तेव्हा एका कुटुंबाला घर मिळालं होतं. आयुष्यात एकदा खरं बोलला आणि ते घालवलं. आणि तेही धड खरं नाहीच. त्या सगळ्या बाडात एकच घटना खरी होती, की भिमाजी शिंप्याची पोर मेली होती. तीही याने त्या दिवशी काल्पनिक करून टाकली. दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर ओळ आली, 'यातील घर, कुटुंबे व प्रसंग पूर्णतः काल्पनिक आहेत.' तीही मीच जुळवली.

भाषण चाललं होतं तेव्हा राहीबाई घराच्या मागच्या बाजूला कडुनिंबाचा झोका सोडत होती. दोर इतक्या महिन्यांच्या झोक्यांनी आवळला होता, गाठ सुटत नव्हती. तिने विळीने कापला नाही. दाताने, नखाने, बसून सोडवला, कारण दोर कामाचा होता. मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारलं, "आई, आता आपुन कुठं जायचं?" राहीबाई म्हणाली, "आधी गाठ सुटू दे."

मी घरी आलो. भडकलेलो होतो. बायकोपुढे, बनुबाईपुढे, गहिनीनाथचा उद्धार केला. नेभळट म्हटलं, शालीला विकलेला म्हटलं, आप्पासाहेबांनाही सोडलं नाही. ती भाकरी थापत होती. पाच वाजता दारात कुणीतरी खाकरलं. पुंजाराम होता. चपला पायरीखाली काढून उभा.

"सहादेवभाऊ, तुमची पुढची खोली रिकामी हाय म्हनत्यात."

होती. माझा धाकटा भाऊ पिंपरीला कारखान्यात लागला, तेव्हापासून त्या खोलीत एक खाट आणि जुनी मासिकं होती. तिला बाहेरून वेगळं दार होतं. गल्लीत त्या माणसाशी रोज बोलणारा, त्याच्या ओट्यावर बसून लोणचं चाखलेला, मीच होतो. म्हणून तर तो माझ्याकडे आला होता. त्याने सहा घरं केली होती, सातवं झालं होतं, आणि मी त्याला आडनाव विचारणार नव्हतो, ते मला ठाऊकच होतं. माझ्या डोळ्यांसमोर समोरच्या ओळीतली सगळी दारं आली. आप्पासाहेब आले. माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न आलं.

मी म्हटलं, "बायकोला विचारून सांगतो."

पुंजारामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ते वाक्य त्याने आधी कुठेतरी ऐकलेलं होतं, एवढंच. "व्हय, इचारा," म्हणाला, आणि चपला घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी नाल्याकडे गेली.

आतून बनुबाईने विचारलं होतं, "काय म्हणत होते साळवे?" मी म्हटलं, काही नाही.

तिला मी विचारलंच नाही. ती हो म्हणाली असती.